टेपाचं दुसरं टोक

कौंडण्यपूर आणि भोवतालच्या गावांतल्या महिला गटांच्या वतीने आम्ही बोलतो आहोत. आज बचतीचा हिशेब नाही, कर्जाचा हप्ता नाही, शिलाई मशीनही नाही. आज आम्हाला नालीविषयी आणि संडासाविषयी बोलायचं आहे. कोणी जेवायला बसलं असेल तर रेडिओचा आवाज थोडा बारीक करा, पण बंद करू नका.

कारण असं की गावाच्या कडेला ई-क्लासच्या जमिनीवर जी वस्ती झाली आहे, तिथली नाली आणि सार्वजनिक संडास हे दोन्ही विषय आता ग्रामपंचायतीच्या आराखड्यात घ्यायचे आहेत. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यावीच लागते, तसा आपल्या राज्यात कायदा आहे. त्या सभेत आपण जे सांगू ते लिहिलं जाईल. नाही सांगितलं तर एस्टिमेट तयार होऊन येईल, काम होईल, बिल निघेल आणि पुढची पंधरा-वीस वर्षं ते पाणी आपल्याच उंबऱ्याशी राहील. म्हणून सभेच्या आधी हे बोलणं.

मागच्या बैठकीत एक काकू म्हणाल्या, "पुन्या-मुंबईच्या झोपडपट्टीच्या गोष्टी आमाले काहून सांगता?" रास्त प्रश्न आहे. पण आपण बघितलं तर तिकडे झोपडपट्टी म्हणतात, इकडे आपण वस्ती म्हणतो, टोली म्हणतो, बेडा म्हणतो. घरं एकाला एक लागून, जमीन नावावर नाही, गल्ली एवढी अरुंद की बैलगाडी वळत नाही, आणि पाणी वाट फुटेल तिकडे. गोष्ट तीच आहे. शिवाय त्या शहरातल्या वस्त्यांत राहायला गेलेली माणसं कोण? आपलेच दीर, आपल्याच बहिणी. आणि तिथल्या बायकांनी या बाबतीत जे करून दाखवलं आहे, ते आपल्या कामाचं आहे.

सुरुवात मुंबईच्या भायखळ्यापासून करू. तिथे फुटपाथवर झोपड्या बांधून राहणाऱ्या बायका होत्या. १९८५ मध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल आला की फुटपाथवरच्या झोपड्या महापालिका हटवू शकते. शहराच्या कोणत्याही यादीत ही माणसं नव्हती. मग १९८४ मध्ये सुरू झालेली स्पार्क ही संस्था आणि या बायका यांनी मिळून स्वतःच मोजणी केली. सुमारे सहा हजार कुटुंबं मोजली. माणसं किती, कुठून आली, काम काय करतात, किती वर्षं इथे आहेत, सगळं लिहून काढलं. त्यातून पुढे महिला मिलन नावाची बायकांची संघटना उभी राहिली. रोज थोडी थोडी बचत, आपल्यासारखीच. फरक एवढाच की आपण महिन्याला जमतो, त्या रोज दारोदार फिरून रुपया-दोन रुपये गोळा करायच्या, कारण त्यांची कमाईच रोजची होती.

त्या बायकांना विचारलं गेलं की घर मिळालं तर कसं हवं? कागदावरचा नकाशा त्यांना वाचता येत नव्हता. मग त्यांनी साड्या आणि कापडं लावून खऱ्या मापाचं घर उभं केलं. आत चुलीपाशी बसून पाहिलं, झोपून पाहिलं. त्यातून त्यांनी ठरवलं की छत चौदा फूट उंच हवं, म्हणजे वर माळा काढता येईल आणि तेवढ्याच जागेत दोन खोल्या होतील. ऑफिसात बसलेल्या माणसाला हे सुचलं नसतं असं आम्ही म्हणत नाही. पण एका खोलीत सात माणसं कशी झोपतात हे ज्याने कधी पाहिलं नाही, त्याला ते सुचायला वेळ लागला असता.

आता पुण्याची गोष्ट, ती जरा सविस्तर सांगतो. पुण्याच्या वस्त्यांत सार्वजनिक संडास पूर्वीही होते. महापालिका ठेका द्यायची, ठेकेदार बांधायचा आणि निघून जायचा. ते संडास कसे असतात हे आपल्याला सांगायला नको. नळ आहे पण पाणी नाही. दाराला कडी नाही. बायकांची आणि पुरुषांची रांग समोरासमोर. दिवा नाही, म्हणून रात्री कोणी जात नाही. झाडायला नेमलेला माणूस येतो तेव्हा येतो. चार-सहा महिन्यांत संडास भरले की लोक पुन्हा नाल्याच्या काठी. १९९२ ते १९९९ या सात वर्षांत पुणे महापालिकेने असे जेमतेम २२ संडास बांधले होते. इथे एक संडास म्हणजे एक इमारत, तिच्यात अनेक बैठका.

१९९९ मध्ये रत्नाकर गायकवाड महापालिकेचे आयुक्त होते. त्यांनी पद्धत बदलली. जमीन, बांधकामाचा पैसा, पाणी आणि वीज महापालिका देईल. बांधायचं आणि पुढे चालवायचं ते संस्थांनी आणि वस्तीतल्या लोकांनी. दर आठवड्याला बैठक व्हायची, त्यात इंजिनिअर आणि संस्था समोरासमोर बसायच्या आणि अडलेलं काम तिथेच सोडवलं जायचं. आमच्या मते खरी चावी हीच होती. आपल्याकडे एक सही राहिली की फाईल पावसाळा ओलांडते, हे आपण सगळ्या जाणतो.

१९९९ ते २००१ या काळात पुण्यात चारशेहून जास्त संडास बांधले गेले. बैठका दहा हजारांहून जास्त. त्यातले ११४ स्पार्क, महिला मिलन आणि झोपडपट्टीवासीयांचा महासंघ यांनी मिळून बांधले. त्यांत मोठ्यांसाठी दोन हजारांहून जास्त आणि लहान मुलांसाठी पाचशे बैठका. काही ठिकाणी बांधकामाचा ठेका महिला मिलनच्या बायकांनी स्वतः घेतला. त्यातल्या पुष्कळजणींना लिहिता-वाचता येत नव्हतं. रेतीचा ट्रक आला की किती फूट भरला ते मोजणं, सिमेंटची पोती मोजून घेणं, मिस्त्रीला सकाळी सातला हजर करणं हे त्या करायला लागल्या. दुकानदार आधी त्यांना उधारी द्यायला तयार नव्हते. मग द्यायला लागले.

लहान मुलांच्या बैठकांविषयी थोडं थांबून सांगायला हवं. हे कोणत्या इंजिनिअरच्या पुस्तकात नव्हतं, ते बायकांनी सांगितलं. सकाळच्या रांगेत मोठी माणसं लेकरांना मागे ढकलतात. मोठ्यांच्या बैठकीवर लेकराचे पाय पुरत नाहीत, आत पडायची भीती वाटते, आत अंधार आणि वास. मग ते लेकरू बाहेर नालीवर बसतं आणि त्याची घाण पुन्हा आपल्याच दारात येते. म्हणून लहान मापाची बैठक, धरायला दांडी, उघडी हवेशीर जागा आणि आईला बाजूला उभं राहता येईल अशी सोय. आपल्या अंगणवाडीतली छोटी बैठक आठवा, तसंच. अशा संडासाचा एक नमुना आणि घराचा एक नमुना २००१ मध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या मुख्य इमारतीत उभा केला होता, आणि सरचिटणीस कोफी अन्नान स्वतः तो पाहायला आले होते. लेकराच्या संडासासमोर जगातला एवढा मोठा माणूस उभा, हे वाचून आम्हाला फार बरं वाटलं.

त्या संडासांना राखणदार ठेवला. काही ठिकाणी त्याच्या कुटुंबाला वरच खोली दिली, म्हणजे रात्रीही माणूस असतो. पाण्याची मोठी टाकी बांधली. आणि पैशाचा हिशेब असा केला: दर वेळी एक रुपया घेतला तर पाच माणसांच्या घराला दिवसाला पाच आणि महिन्याला दीडशे रुपये पडतात. गरीब घर एवढे देणार नाही, ते उघड्यावर जाईल. म्हणून घरटी महिन्याचा पास, वीस रुपये. आज वीस रुपयांत भागणार नाही हे उघड आहे. पण हिशेब करायची रीत तीच ठेवावी असं आम्हाला वाटतं: आधी घराला किती झेपतं ते बघायचं, मग वस्तीत घरं किती ते मोजायचं, मग राखणदाराचा पगार, फिनाईल, झाडू आणि विजेचं बिल त्यात बसतं का ते पाहायचं. बसत नसेल तर ग्रामपंचायतीने किती घालायचं, हे बांधायच्या आधी ठरावात लिहून घ्यायचं.

सगळंच गोड झालं असं नाही. पुण्यामुंबईत अशा पद्धतीने बांधलेले काही संडास पुढे बिघडले. जिथे पाण्याची लाईन बरोबर जोडली नाही, जिथे सेप्टिक टँक वेळेवर उपसला नाही, जिथे दोन-चार दांडग्या माणसांनी चावी आपल्याकडे ठेवून पैसे खाल्ले, तिथे पाच-सात वर्षांत जुनीच अवस्था आली. आणि कितीही चांगला असला तरी सार्वजनिक संडासाला रात्री जायचं म्हणजे बाईला सोबत लागते. म्हणून पुढे पुण्यात आणि सांगलीत शेल्टर असोसिएट्स या संस्थेने घरोघरी संडास बांधायला मदत केली. एका एका घराची नोंद नकाशावर घेतली, ड्रेनेजची लाईन कुठून जाते ते पाहिलं, सामान दारात पोचवलं आणि बांधायचं काम त्या त्या घराने केलं. आपल्या वस्तीतही जिथे घराशेजारी जागा आहे तिथे घरचाच संडास व्हावा. सार्वजनिक संडास मागायचा तो ज्यांना जागाच नाही त्यांच्यासाठी आणि यात्रेसाठी. रुक्मिणीमातेचं माहेर आपलं गाव, कार्तिकात यात्रेला माणसं येतात, आषाढीला पालखी पंढरपूरला निघते. आलेल्या बायकांनी काठावर आडोसा शोधत फिरावं, हे काही पाहुणचाराला शोभत नाही.

आता नालीकडे वळू. ही गोष्ट आपल्याला जास्त जवळची आहे, कारण त्रास रोजचा आहे.

आपल्या गावांत काय होतं? सिमेंट रस्ता खराब झाला की त्याच्यावरच दुसरा थर. पाच-सात वर्षांनी आणखी एक. रस्ता दर वेळी चार-सहा इंच वर येतो आणि घर आहे तिथेच राहतं. एक दिवस असा येतो की रस्त्याचं पाणी सरळ ओट्यावरून आत. मग आपण उंबऱ्यापाशी विटांचा बांध घालतो, पोती लावतो. इंदूर आपल्यापासून फार लांब नाही. तिथल्या झोपडपट्ट्यांत १९९० च्या सुमारास हिमांशू पारीख नावाच्या इंजिनिअरने उलटं केलं. त्यांनी रस्ता घराच्या जोत्यापेक्षा खाली नेला. पाऊस पडला की तो रस्ताच नालीचं काम करतो, पाणी घरात न शिरता गल्लीतून वाहत जातं. पाणी मुळात ज्या उताराने ओढ्याकडे जात होतं, तोच उतार धरून रस्ते आणि पाइप टाकले, म्हणजे पंप लागला नाही. या कामाला १९९८ मध्ये वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार मिळाला. पुढे तिथेही काही वस्त्यांत पाइप तुंबले, कारण देखभाल कोणी करायची हे पक्कं झालं नव्हतं. पण रस्ता खाली घेण्याची गोष्ट आपण जशीच्या तशी उचलायला हरकत नाही. नवीन रस्ता करताना आधी जुना खोदून काढा, मग नवा करा, एवढं एक वाक्य ठरावात आलं तर किती घरं वाचतील.

दुसरी गोष्ट कराचीची. तिथे ओरंगी नावाची फार मोठी वस्ती आहे. १९८० मध्ये अख्तर हमीद खान यांनी तिथे काम सुरू केलं. वीस-तीस घरांची एक गल्ली, ती आपला एक प्रमुख निवडते, गल्लीतल्या घरांनी पैसे काढायचे आणि गल्लीपुरती गटाराची लाईन स्वतः टाकायची. संस्थेचे लोक उतार मोजून द्यायचे आणि हत्यारं पुरवायचे. मोठी लाईन आणि मोठा नाला सरकारने करायचा. सरकारी दरापेक्षा कितीतरी कमी पैशांत गल्ल्यांतली गटारं झाली. गल्लीपुरतं काम म्हणजे आपल्या गटाएवढं काम, वीस-तीस घरं. तेवढ्यात सगळ्या एकमेकींना ओळखतात, कोणी पैसे दिले नाहीत ते लपत नाही.

आता मोजायचं कसं ते सांगतो. इंजिनिअर साहेब किंवा मॅडम येतात तेव्हा उन्हाळा असतो, मार्चच्या आत काम लावायची घाई असते. जमीन कोरडी ठक्क. पाणी कुठे साचतं ते त्यांना दिसणार कसं? ते आपल्याला माहीत आहे, कारण जुलैमध्ये टोपलं घेऊन पाणी आपण उपसतो. म्हणून पावसाळ्यात जिथे जिथे पाणी थांबतं तिथे भिंतीवर खडूने नाही, गेरूने खूण करायची. खडू धुऊन जातो. किती वर आलं होतं ते बोटाने दाखवून चालत नाही, खूण असली की त्याचं माप घेता येतं.

आमच्या एका गटाने हे केलं. जुनी नाली पाच-सहा वर्षांपूर्वी झालेली, पण तिच्यात पाणी उभंच असायचं, डास, वास, लेकरांना ताप. साहेबांना सांगितलं की नाली चुकली आहे, तर उत्तर मिळालं की तुम्ही कचरा टाकता म्हणून तुंबते. कचरा टाकला जात होता, तेही खरंच. मग आपल्या गटातल्या एका वहिनीच्या घरी मिस्त्रीकाम आहे, तिने लेव्हल पाईप आणला. साधी पारदर्शक नळी, त्यात पाणी भरायचं, मध्ये हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही. एक टोक नालीच्या वरच्या बाजूला काठीला धरायचं, दुसरं खालच्या बाजूच्या काठीला. नळीतलं पाणी दोन्हीकडे एका पातळीला थांबतं. तिथे दोन्ही काठ्यांवर खूण करायची आणि खुणेपासून नालीच्या तळापर्यंत टेपाने मोजायचं. वरच्या बाजूला तळ खुणेच्या ३६ इंच खाली निघाला. खालच्या बाजूला निघायला हवा होता जास्त, निघाला ३४. म्हणजे नाली उतरत नव्हती, दोन इंच चढत होती. तिथल्या आजी म्हणाल्या, "मंग पानी काय डोंगर चढून जाईन का बाप्पा?" हे दोन आकडे आणि तारीख रजिस्टरमध्ये लिहून ठेवली आहे. कचऱ्याच्या गोष्टीवर वाद घालता येतो, छत्तीस आणि चौतीसवर घालता येत नाही.

उतार किती हवा? उघड्या नालीला साधारण शंभर फुटाला एक फूट हा हिशेब धरतात. साठ फुटांची गल्ली असेल तर दोन टोकांत सात इंचांचा फरक दिसला पाहिजे. घरच्या संडासाच्या चार इंची पाइपाला उतार जास्त लागतो, चाळीस फुटाला एक फूट. जागेवर एवढा उतार मिळतच नसेल तर तसं इंजिनिअर सांगतील आणि दुसरा रस्ता काढतील, ते त्यांचं शिक्षण आहे. आपण लोखंड किती घालायचं ते त्यांना शिकवायला जात नाही. पण नाली शेवटी कुठे जाऊन मिळणार, हा प्रश्न आपण विचारायचाच. बऱ्याच नाल्या शेवटच्या घराच्या दारात संपतात. ते शेवटचं घर बहुतेक वेळा गावातल्या सगळ्यात गरीब माणसाचं असतं, आणि त्या घरची बाई सभेला आलेली नसते. तिला बोलावून आणा.

संडासाच्या खड्ड्याबाबत आपल्या भागाची एक अडचण आहे, ती म्हणजे काळी माती. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते, आणि तिच्यातून पाणी फार हळू मुरतं. म्हणून इतर ठिकाणी चालणारा खड्डा इथे लवकर भरतो. यावर उपाय आहे. खड्ड्याच्या विटांच्या बाहेरून सगळीकडे एक फूट रुंदीत रेती, गिट्टी किंवा विटांचे बारीक तुकडे भरायचे. विटा जाळीसारख्या, मध्ये फटी ठेवून रचायच्या आणि तळाला सिमेंट करायचं नाही. मिस्त्री म्हणेल, "पक्का करून देतो," आणि तळ सिमेंटने लिंपेल; त्याला थांबवा, कारण मग पाणी मुरणार कुठे? एकाऐवजी दोन खड्डे करायचे, दोघांत अंतर ठेवायचं. एक भरला की मधल्या पेटीतून दुसरा सुरू करायचा आणि पहिला दीड-दोन वर्षं बंद ठेवायचा. त्यातला मैला माती होऊन जातो, वास राहत नाही, वावरात टाकता येतो. बैठक तीव्र उताराची, गावासाठीची घ्यायची. तिला दीड-दोन लिटर पाणी पुरतं. शहरी बैठकीला बादलीभर लागतं आणि मे महिन्यात ती बादली आपल्याच डोक्यावरून येते. हापशीपासून, विहिरीपासून खड्डा किमान तेहतीस फूट लांब. टेपाने मोजून, अंदाजाने नाही.

सार्वजनिक संडासात बैठका किती, हेही आपणच मोजून सांगायचं. शहरांसाठी स्वच्छ भारत अभियानाचं माप पस्तीस पुरुषांमागे एक आणि पंचवीस बायकांमागे एक असं आहे. बायकांना जास्त बैठका का लागतात हे आपल्याला कोणी समजावायला नको. लेकरू सोबत असतं, पाळी असते, वेळ लागतो. तरीही नकाशात दोन्हीकडे सारख्याच बैठका आल्या तर विचारा. बायकांचं दार पुरुषांच्या दारासमोर नको. आत खुंटी हवी, साडी आणि पिशवी अडकवायला. पाळीच्या कापडासाठी जागा हवी. आतला दिवा राहिला तरी एकवेळ चालेल, पण येण्याजाण्याच्या वाटेवर दिवा हवाच.

पैशाचं थोडक्यात. १५ व्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी ग्रामपंचायतींना दिलेल्या अनुदानातला ६० टक्के भाग बंधित ठेवला होता. त्यातला निम्मा स्वच्छतेला आणि निम्मा पिण्याच्या पाण्याला. म्हणजे नाली आणि संडासाला पैसा नाही असं कोणी सांगितलं तर बंधित निधी कुठे खर्च झाला ते ग्रामसेवक भाऊंना विचारायचं. भांडण करायचं नाही, वही पुढे ठेवून विचारायचं.

आणखी एक विषय आहे, तो बैठकीत निघाला की सगळ्या गप्प होतात. संडास साफ कोण करणार? आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावच्या गाडगेबाबांनी गावोगाव झाडू हातात घेतला, पंढरपूरला, नाशिकला, आळंदीला धर्मशाळा बांधल्या. त्यांच्या नावाने आपण स्वच्छता अभियान करतो. पण सार्वजनिक संडास म्हटलं की अजूनही नजर एकाच जातीच्या घरांकडे जाते. पुण्यातल्या बायकांनी हे काम पगाराचं केलं आणि पगार महिन्याच्या पासातून दिला. आपणही राखणदार नेमताना अर्ज मागवू, काम आणि पगार दोन्ही लिहून ठेवू, आणि ज्याला हवं त्याने करावं. सेप्टिक टँकमध्ये मात्र कोणीही, कितीही पैसे दिले तरी, उतरायचं नाही. आत विषारी वायू असतो, माणूस दोन श्वासांत पडतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही पडतो. २०१३ च्या कायद्याने अशा कामाला माणूस लावणं गुन्हा आहे. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने अशा मृत्यूसाठी तीस लाख रुपये भरपाई सांगितली. टँक उपसायला यंत्राची गाडीच बोलवायची. म्हणून जागा ठरवतानाच बघा की ती गाडी तिथपर्यंत जाते का. गल्लीच्या टोकाला आत बांधलेला संडास दिसायला आडोशाचा असतो, पण गाडी पोचत नाही आणि मग कोणाला तरी उतरायला सांगितलं जातं.

तर सभेच्या आधी प्रत्येक गटाने एवढं करा. आपल्या गल्लीतली घरं, माणसं, किती घरी संडास आहे, किती वापरात आहे, हे रजिस्टरमध्ये लिहा. नालीची दोन टोकं लेव्हल पाईपाने मोजा. नळी ज्यांच्याकडे नाही त्यांनी आमच्याकडून न्या, पण त्याच दिवशी परत आणा, एकच आहे. शेवटच्या घरची बाई, बाळंतीण, म्हातारी आणि अपंग बहीण यांना काय हवं ते त्यांच्या घरी जाऊन विचारा. साहेब-मॅडम मोजायला येतील तेव्हा गटातल्या दोघींनी सोबत जायचं. टेपाचं एक टोक त्यांच्या माणसाच्या हातात असतं, दुसरं आपण धरायचं आणि आकडा आपल्या वहीतही लिहायचा. कोणी हसलं तर हसू द्या.

राखणदाराच्या पगाराचा आणि पासाचा हिशेब अजून बसलेला नाही. वस्तीतल्या घरांना महिन्याला किती झेपेल, यात्रेच्या दिवसांत बाहेरून आलेल्यांकडून किती घ्यायचे, आणि चावी कोणत्या गटाकडे राहील, यावर पुढच्या बैठकीत बोलू. येताना वह्या आणा.